समासाबाहेरच्या तारखा

आमच्या सूनबाईच्या हातात नवं पुस्तक द्या, ती नाव वाचणार नाही. आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवील, मग मधोमध उघडून नाकाशी नेईल आणि सांगेल, "ह्याला सरस जास्त झालाय, आबा. दोन उन्हाळ्यांत पानं सुटतील." लेखक कोण, विषय काय, ही चौकशी नंतर, वेळ उरला तर. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात तिनं माझं शाळेतलं नकाशांचं पुस्तक बांधायला घेतलं. त्यातले निम्मे देश कपाटात होते आणि निम्मे खाटेखाली. तिसऱ्या दिवशी सगळे देश एका पुठ्ठ्यात गुण्यागोविंदानं नांदायला लागले. मी तेव्हाच चिरंजिवांना म्हटलं, "बाबा रे, तू हिला सांभाळायच्या भानगडीत पडू नकोस. हीच आपल्याला शिवून ठेवील."

रस्त्याच्या बाजूची खोली म्हणजे तिचं बाइंडिंगचं दुकान. मधे पत्रा मारलेलं लांब टेबल, खिडकीशी सरसाचं भांडं, भिंतीला पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, आणि कोपऱ्यात कटिंग मशीन. वर चाक, बाजूला माझ्या उंचीचा दांडा. चाक फिरवून कागद आवळायचा, दांडा ओढायचा, की खर्रकन एक आवाज येतो आणि पुस्तकाची कड आरशासारखी निघते. वीस वर्षं आम्ही त्या आवाजावर जेवायच्या वेळा ठरवतोय.

हे सगळं सांगतोय ते अशासाठी, की ह्या बाईला कोणी "काम सोडा" म्हटलं तर काय होईल, ते तुमच्या ध्यानात यावं. तसं म्हणणारे भेटलेच.

झालं असं. मागल्या वर्षी एका सकाळी तिच्या मानेवर दोन गांध्या उठल्या. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. दुपारी पोटावर बशीएवढ्या लाल गांध्या, आणि खाज अशी की हातातली सुई टाकून बाई उभी. संध्याकाळी सगळं गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. डॉक्टरकडे दाखवायला जावं तर अंग स्वच्छ! वसुलीला माणूस आला की घरातले परसदारानं पसार होतात ना, तसं. एकदा ओठ सुजला, तर चिरंजीव म्हणाले, "अगं, माझ्यावर रुसलीस की काय?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा न घेताच कामावर गेले.

मग गल्लीतला प्रत्येक जण वैद्य झाला. अंडी सोड. टोमॅटो सोड. शेंगदाणे सोड. किल्ल्या करणाऱ्या शेजाऱ्यानं तर सांगितलं, कपडे धुवायचा साबण सोड. मी म्हटलं, सगळं सोडून झाल्यावर श्वास तेवढा राहील, तो ठेवू ना?

कोपऱ्यावरचे डॉक्टर मनानं चांगले. माझ्या गुडघ्याला त्यांचीच गोळी लागू पडते. त्यांनी खाजेवर एक गोळी दिली, आणि दुकानात डोकावून सरसाच्या भांड्याकडे बोट दाखवलं. "हेच ते. सरस, खळ, रंगीत कापड. धंदा बदला, बाई."

सूनबाईनं नवं काम घेणं बंद केलं. हातातलं होतं ते दोन आठवड्यांत उरकलं आणि भांडं घासून पालथं घातलं. गांध्या मात्र घड्याळ लावल्यासारख्या येतच राहिल्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "वीस वर्षांचा सरस भिंतींत मुरलाय. यंत्रं हलवा, खोली रंगवून घ्या."

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दोन गल्ल्या पलीकडचे छापखानेवाले आले, कटिंग मशीनभोवती तीनदा फिरले, चाकावरून हात फिरवला. "वहिनी, द्यायचं असेल तर मी घेतो. मला शुक्रवारपर्यंत सांगा." शुक्रवार म्हणजे पुऱ्या महिन्यानंतरचा. तो माणूस घाई करणारा नाही.

ते गेल्यावर सूनबाई मशीनच्या दांड्याला टेकून नुसती उभी राहिली. रडली नाही. फडकं घेतलं आणि दांडा पुसायला लागली, दुसऱ्याच्या घरी द्यायच्या आधी पोराचं तोंड पुसावं तसा.

तेव्हा आमचे चिरंजीव, जे एरवी पंप दुरुस्त करण्यापलीकडे कशात मत देत नाहीत, ते बोलले. "एका माणसाच्या एका वाक्यावर वीस वर्षं विकायची? पंप बंद पडला तरी मी दुसऱ्याला दाखवतो. मी ॲलर्जीच्या मोठ्या डॉक्टरणीची वेळ घेऊन ठेवलीय. दीड महिना झाला. तुला बोललो नाही, कारण तू म्हणाली असतीस, कशाला."

"कशाला?" सूनबाई म्हणाली.

"बघा!"

वेळ मिळाली होती गुरुवारची. शुक्रवारच्या बरोबर आदल्या दिवसाची. सोबत मोठ्या इस्पितळाची एक चिठ्ठी होती. तिच्यात लिहिलं होतं: गांधी उठेल तेव्हा तेव्हा नोंद करा, तारीख, वेळ, अंगावर कुठे, किती तासांनी गेली, त्याआधी काय खाल्लं, काय काम केलं, कोणतं औषध घेतलं. फोटो काढा. कामात वापरता त्या वस्तू थोड्या थोड्या बाटलीत आणा. आणि भेटीच्या पाच दिवस आधीपासून खाजेची गोळी बंद.

ही चिठ्ठी चिरंजिवांनी पहिल्याच दिवशी आणली होती, आणि नोंदी ठेवायचं काम गुपचूप माझ्याकडे दिलं होतं. सूनबाईला वाटायचं, म्हातारा आपला हिशेब लिहितोय. आता गुपित फुटल्यावर मी उजळ माथ्यानं लिहायला बसलो. तिनं पेटीतले उरलेले कोरे ताव काढून दिले, कुठला लांब, कुठला आखूड. एका गांधीला एक पान. ती आतून ओरडायची, "आबा, डाव्या दंडावर! साडेदहा!" की मी लेखणी सरसावून हजर. ती गांधीभोवती बॉलपेननं गोल काढायची, म्हणजे ती त्याच जागी किती वेळ राहते ते कळतं. एकदा भाजीवालीनं तिच्या हातावरचे न पुसलेले सात गोल पाहून विचारलं, "ताई, गोंदवून घेताय की काय?"

आता थोडं माझ्या शिक्षणाविषयी. आमच्या गावच्या शाळेत एक गुरुजी, चार वर्ग आणि एक फळा. फळ्याचे चार तुकडे केलेले, एकेक इयत्तेला एकेक. गुरुजींचं एकच वेड होतं, समास. पानाला समास आखल्याशिवाय अक्षर काढलं तर वही खिडकीबाहेर. एकदा ती खाली बांधलेल्या शेळीनं खाल्ली, तर गुरुजी म्हणाले, "तिनं समास ठेवला का बघा." तारीख आणि वेळ समासाबाहेर, मजकूर आत, हे माझ्या हाडात भिनलंय. पण मी पडलो बाइंडरचा सासरा. मला ठाऊक, पान डावीकडे शिवलं जातं, आणि शिलाईत तारीख गडप होते. म्हणून मी शहाणपणा केला. समास उजवीकडे आखला, आणि तारखा, वेळा अगदी काठाला, बारीक आकड्यांत, ठेचून बसवल्या. दहा आठवड्यांत छप्पन्न पानं झाली. मी स्वतःवर इतका खूश होतो की चिरंजीव म्हणाले, "आबा, आजारपण हिचं आहे, परीक्षा तुमची नाही."

बुधवारी सकाळी सूनबाईनं तो गठ्ठा पाहिला. खाजेची गोळी बंद होऊन चार दिवस झालेले, अंगावर रोज एखाददुसरा लाल नकाशा, डोळ्यांत झोप नाही. तरी गठ्ठा पाहून तिचं नाक वर गेलं.

"हे असं न्यायचं? सुटी पानं? मोठ्या डॉक्टरणीसमोर?"

"अगं, डॉक्टर मजकूर बघणार."

"आबा, मी बाइंडर आहे. माझी पानं सुटी गेली तर ती माझं बाकीचं काय खरं मानणार?"

मी गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. दोन महिन्यांनी पालथं भांडं सुलटं झालं. तिनं टोच्यानं भोकं पाडली, दोऱ्यानं शिवली, पाठीला सरस लावला, निळ्या कापडाचं कव्हर तयार ठेवलं. हात असे चालत होते, की मधे दोनदा मान खाजवली हे तिलाही कळलं नसेल. मी स्टुलावर बसून बघत होतो. फार दिवसांनी घरात घर आल्यासारखं वाटत होतं. मग तिनं गठ्ठा मशीनमध्ये सरकवला, चाक आवळलं, दांडा ओढला. खर्रक! फिरवला. खर्रक! तिसरी बाजू. खर्रक! कात्रणं मुठीनं गोळा करून पोत्यात टाकली. तीन बाजू कापल्याशिवाय पुस्तक हातातून सोडायचं म्हणजे तिच्या लेखी तोंड न धुता बाहेर पडण्यासारखं आहे. मीही तो आवाज मिटल्या डोळ्यांनी ऐकला, गाणं ऐकावं तसा.

पुस्तक माझ्या हातात देत ती म्हणाली, "घ्या. कड बघा, कड."

मी कड पाहिली. मग पान उघडलं. मग दुसरं. मग चष्मा पुसला.

"सूनबाई," मी म्हटलं, "तारखा कुठायत?"

"कुठे लिहिल्या होत्या?"

"समासात. उजवीकडे. काठाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि दोघांनी पोत्याकडे. कोणत्या बाइंडरच्या घरात तारीख कापायच्या काठाला लिहितात? आणि कोणता बाइंडर न बघता कापतो? भांडायचं तर दोघांनाही जागा नव्हती.

"सगळ्या?"

"सगळ्या. वेळासुद्धा."

ती तिथेच खाली बसली. "संपलं," म्हणाली. "आता ती म्हणणार, नोंद नाही, काही नाही, पहिले डॉक्टर सांगतात तेच करा. जाऊ दे, आबा. देऊन टाकू मशीन."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी पोतं उचललं आणि टेबलावर पालथं केलं. निम्मी कात्रणं वर, निम्मी जमिनीवर. वर्षभराची! रंगीत, पांढरी, आखलेली, बिनआखलेली. मी त्यात हात घातला आणि म्हटलं, "माझं अक्षर मी ओळखतो. शेळीच्या पोटातलंसुद्धा ओळखलं होतं."

ती हसली. हसल्यावर माणूस उठतो. तिनं पहिलंच कात्रण उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "हे आपलं नाही. ह्याचा कागद उभ्या वळणाचा आहे, धागे उभे पळतायत." दुसरं: "हे आपलं. जाड ताव, खालच्या पेटीतला." मग काय! मी आकडे ओळखायचो, ती कागद. पात्यानं काही आकडे मधोमध चिरले होते. आठाचा निम्मा पानावर, निम्मा कात्रणावर. ते जोडणं सोपं. बाकीच्यांसाठी तिनं स्वतःची नवी शिलाई उसवली. स्वतःचं बांधलेलं पुस्तक उसवताना तिचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दामच खिडकीबाहेर पाहिलं. सुटी पानं टेबलभर मांडली, आणि कागद आणि क्रम जुळवून प्रत्येक पानाला त्याचं कात्रण खळीनं परत चिकटवलं. जेवण राहिलं. चिरंजीव दुपारच्या सुट्टीत आले, दारातून आत पाहिलं, खाली बसले आणि जमिनीवरची कात्रणं वेचायला लागले. सुस्वभावी मुलगा आहे, पण हे त्याला सांगू नका.

चारच्या सुमारास छप्पन्न पानांना छप्पन्न तारखा लागल्या. ती मग सवयीनं एका तारखेची पानं एकावर एक ठेवत गेली. एक दिवस, एक ढीग. बहुतेक ढीग एका पानाचे. काही दोनांचे. ती ते टेबलावर उभे ठोकून सारखे करत होती, आणि अचानक थांबली.

"आबा, हे चारच ढीग एवढे जाड का?"

चार दिवस असे होते की त्या एकेका दिवशी पाच-सहा गांध्या, आणि ओठ पुन्हा सुजला होता तो दिवसही त्यांतच. एकेक पान उलटताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं पहिल्या ढिगातलं वरचं पान वाचलं. "अन्न: भात, भाजी. काम: नाही. औषध: कंबर दुखल्याने आबांची गुडघ्याची गोळी, अर्धी."

दुसरा ढीग. "औषध: डोके दुखल्याने आबांची गोळी, अर्धी."

तिसरा ढीग मीच उचलला. माझंच अक्षर. माझीच गोळी. चौथ्यात तर मी प्रेमानं पूर्ण दिली होती, तेही लिहून ठेवलं होतं.

चिरंजीव म्हणाले, "म्हणजे चोर घरात, आणि फिर्यादही त्यानंच लिहिली!"

"अरे, पण अर्धीच तर होती," मी म्हटलं.

"आबा," सूनबाई म्हणाली, "डॉक्टरांनी मला विचारलं, काय औषधं घेता, तर मी ही सांगितलीच नाही. अर्धी गोळी म्हणजे औषध असं मला वाटलंच नाही." आणि मग ती दुसरंही बघायला लागली. काम चालू असतानाचे ढीग आणि भांडं पालथं घातल्यानंतरचे ढीग. दोन्हीकडे सारखेच. म्हणजे सरस असो नसो, गांध्या तेवढ्याच. तिनं प्रत्येक ढिगाला एक दोरा बांधला. कव्हर घातलं नाही.

गुरुवारी आम्ही तिघं इस्पितळात. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणजे उंचीनं माझ्या खांद्याला, पण नजर सुईसारखी. सूनबाईनं ढीग पुढे केले आणि घडलेलं सगळं सांगितलं, कात्रणांसकट. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. उठल्या, तपासायच्या खाटेवरची उशी बाजूला केली आणि म्हणाल्या, "मांडा इथे. तारखेनं." मग त्या खाटेच्या कडेकडेनं चालत सगळी पानं वाचत गेल्या. असा वाचक मला आयुष्यात पुन्हा मिळणार नाही.

"ही गोळी कोणाची?"

मी हात वर केला. शाळेतसुद्धा इतका घाबरून केला नव्हता.

"तुमच्या गुडघ्याला ती चालू द्या. पण दुसऱ्याला आपलं औषध द्यायचं नाही. कळलं, आजोबा?"

"कळलं, बाई."

"आणि नोंद उत्तम ठेवलीत."

आता सांगा, रागावू की फुगू?

मग चाचणी. बाटल्यांतला सरस, खळ, कापडाचा रंग, सगळ्यांचे थेंब सूनबाईच्या हातावर ठेवले आणि प्रत्येकातून बारीक टोचलं. एक थेंब त्यांच्याकडचा. "हा उठलाच पाहिजे," त्या म्हणाल्या, "नाहीतर चाचणीच खोटी." वीस मिनिटं आम्ही तिघं त्या हाताकडे टक लावून बसलो. डॉक्टरीणबाईंचा थेंब टम्म फुगला. सरस शांत. खळ शांत. रंग शांत. सूनबाई सरसाच्या थेंबाकडे अशी बघत होती, जणू तो आत्ता दगा देईल. त्यानं दिला नाही.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या. "ऐका. ह्या आजाराला बाहेरचं कारण सापडतंच असं नाही. तुमचं अंगच आतून घंटा वाजवतंय, दारात कोणी नसताना. ती दुखण्यावरची गोळी हा आजार आणत नाही, पण तुमच्या बाबतीत असलेला भडकवते, हे ढीग सांगतायत. त्या जातीच्या गोळ्या बंद. कंबरेसाठी मी दुसरं देते. खाजेची गोळी मात्र खाज सुटल्यावर नाही, रोज, ठरल्या वेळी घ्यायची. काही आठवड्यांनी या. गरज पडली तर मात्रा वाढवू. त्यानंही भागलं नाही तर इंजेक्शन आहे. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर वाट न बघता थेट इकडे यायचं."

"बरं होईल?"

"बहुतेकांचं होतं. कधी, ते मी सांगत नाही. वर्ष लागेल, जास्तही लागेल. तोवर ताब्यात ठेवू."

सूनबाईनं ओठ ओले केले. खरा प्रश्न अजून तिच्या तोंडातच होता. चिरंजिवांनी तिच्या पाठीला हळूच कोपर लावलं.

"आणि काम?"

"कोणतं काम?"

"बाइंडिंग. सोडावं लागेल?"

"कशासाठी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटची घंटा दाबली.

बाहेरच्या लांबलचक बोळात बाकावर बसून तिनं तिथूनच छापखानेवाल्यांना फोन लावला. तिच्या मानेवर नवी गांधी उठत होती, मला स्पष्ट दिसत होती. ती एका हातानं ती दाबत होती आणि दुसऱ्या हातात फोन.

"भाऊ, मशीन द्यायचं नाही."

पलीकडचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. "अहो वहिनी, मी उद्या सकाळचा टेम्पो सांगून बसलोय!"

"मग येऊ द्या की. येताना पुठ्ठेवाल्याकडून माझे पुठ्ठे भरून आणा. दोन गठ्ठे जाड, एक पातळ. भाडं मी देते."

मग ते म्हणाले, "आणि मी काय करू? पाचशे वह्या छापून पडल्यात माझ्याकडे. बांधायला माणूस मिळेना म्हणून तर मशीन घेत होतो!"

"त्याही टाका टेम्पोत," सूनबाई म्हणाली.